साडेतीन हजारांचा क्लास आणि सहा आठवड्यांची फाउंड्री

पाचपैकी तीन स्टार. एक कापला तो बॅचच्या गर्दीसाठी. दुसरा का कापला ते सांगायला जरा वेळ लागेल.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला 'कम्युनिकेशन स्किल्स'चा हा क्लास मी उन्हाळ्यात केला. नाव लिहीत नाही. सर मनानं चांगले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्याच गिरणीत आमचं दळण असतं. पंधरा दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, फी ३५०० रुपये. बारा जणांची बॅच म्हणून सांगितलं होतं, निघालो बत्तीस. मागं बसलात तर बोलायची पाळी तिसऱ्या दिवशी येते. पंखे दोन, त्यातला एक फिरतो.

मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. दुसरं वर्ष संपल्यावर आम्हाला सहा आठवडे कंपनीत ट्रेनिंग करायचं होतं. माझं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, ठरलं होतं, क्वालिटी डिपार्टमेंटला. साहेबांसमोर तोंड उघडेल का याची धास्ती होती, म्हणून आईनं फी भरली.

चांगलं ते आधी. 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणायची सवय सरांनी तीन दिवसांत मोडली. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायला लावलं, तेव्हा मी दर वाक्याला 'म्हणजे' म्हणतो हे अठरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. माइक हातात घेतला की पाय कापायचे, ते थांबलं. एवढ्याचे दीड-दोन हजार मी खुशीनं दिले असते.

'म्हणतो' वाचून दचकू नका, मी मुलगीच आहे. कोल्हापुरात आम्ही 'मी जातो, मी येतो'च म्हणतो, आमची आजीसुद्धा. क्लासमध्ये यावर अख्खा एक तास गेला. 'जाते म्हणा, येते म्हणा, पुण्याचे लोक हसतील.' दोन दिवस मी जपून बोललो, तर भावानं विचारलं, तुला बरं नाही काय? कंपनीत सहा आठवड्यांत पुण्याच्या कस्टमरचा फोन मला एकदाच घ्यावा लागला. 'रिपोर्ट चारपर्यंत पाठवतो' म्हणालो. पलीकडचे साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'चार म्हणजे चारच ना?' त्यांना माझ्या क्रियापदाचं काही पडलेलं नव्हतं.

आता दुसरा स्टार. समोरचा माणूस शांत बसून आपलं ऐकतोय, असं धरूनच क्लासमध्ये सगळं शिकवतात. फाउंड्रीत कोण बसतंय? फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या जागी, ग्राइंडर सुरू झाले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या पाठीवर थाप मारायची नाही, लांबून समोर यायचं, त्यानं बघितलं की हात करायचा, हे पहिल्याच दिवशी एका मामांनी मला दटावून सांगितलं. आकडे बोटांवर. कास्टिंगवर, म्हणजे त्या ओतलेल्या भागावर, खडूची खूण: गोल म्हणजे पुन्हा बघायचं, फुली म्हणजे बाद. पोरं बिहार-ओडिशाकडची, त्यांच्याशी आमची कोल्हापुरी हिंदी, 'ये कास्टिंग उधर ठेव दो'. त्यांना सगळं कळायचं. आय कॉन्टॅक्टचा धडा उपयोगी पडला तो एवढाच, तोही सेफ्टी गॉगलमधून.

दुसऱ्या आठवड्यात मला सँड लॅबला बसवलं. मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या, वाळूत पाणी किती आहे ते दर तासाला बघायचं. वाळू वजन करून कार्बाइडच्या पावडरीबरोबर बंद बाटलीत घालायची आणि हलवायची. पाण्याशी कार्बाइड मिळालं की गॅस होतो आणि त्याच्या दाबानं बुडाचा काटा टक्केवारी दाखवतो. आमच्याकडं साडेतीनच्या आसपास हवं असायचं. पाणी जास्त झालं तर वर चौदाशे अंशांच्या घरातलं लोखंड पडल्यावर त्याची वाफ होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तो ब्लो होल. परीक्षेत याला चार मार्क मिळवलेत मी.

एका दुपारी काटा ४.४ वर गेला. मी सुपरवायझरांकडं गेलो आणि शिकवल्याप्रमाणं हसतमुखानं, नम्रपणे म्हणालो, 'सॉरी सर, डिस्टर्ब करतो. आज मॉइश्चर जरा जास्त वाटतंय.' ते फोनवर होते. 'हं, बघूया' म्हणाले. मी परत येऊन डायरीत आकडा लिहिला आणि डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी त्या तासाची सत्तावीस कास्टिंग फुली मारून रांगेत ठेवलेली. क्वालिटीच्या साहेबांनी डायरी बघितली. मी म्हणालो, 'सांगितलं होतं, सर.' ते ओरडले असते तर बरं झालं असतं. 'काय सांगितलंस?' मी वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

'जरा म्हणजे किती? वाटतंय का आहे? आणि त्यांनी करायचं काय होतं?'

आता 'जरा'चं काय सांगू. आमच्या गावात 'जरा तिखट हाय' म्हणून वाटीत वाढलेला तांबडा रस्सा प्या, मग बोलू.

त्या दिवसापासून साहेबांनी मला रोज सुट्टीआधी व्हॉट्सअपवर एकच मेसेज करायला लावला: किती वाजता, कुठं, काय आकडा, किती हवा होता, कुणाला सांगितलं, त्यांनी काय केलं. पहिला मेसेज मी अकरा ओळींचा लिहिला, 'रिस्पेक्टेड सर'पासून. उत्तर आलं, 'आकडा कुठाय?' चौथ्या आठवड्यात काटा पुन्हा चढला. सुपरवायझर पुन्हा फोनवर. 'मामा, दोनचं रीडिंग ४.१, हवं साडेतीन. पाणी कमी करायला सांगू का?' आणि उत्तर येईपर्यंत तिथून हललो नाही. त्यांनी फोन कानाचा न काढताच मिक्सरवाल्याला हात केला. काम झालं. 'सर'चं 'मामा' कधी झालं ते आठवत नाही, पण त्यांना आवडलेलं दिसलं.

चारचौघांत उभं राहिलं की ज्यांना घाम फुटतो त्यांनी या क्लासला जरूर जावं. फी भरायच्या आधी बॅच किती जणांची ते मात्र पावतीवर लिहून घ्या, आणि फिरत्या पंख्याखालची जागा धरा.

इंटर्नशिपसाठी म्हणून जाणार असाल तर सरांना माझा निरोप द्या. 'सोशल मीडिया: शाप की वरदान' हे ग्रुप डिस्कशन दोनदा झालं, त्यातलं एक गाळा. त्या तासाला एकाच्या कानाशी मिक्सर लावा आणि दुसऱ्याला त्याच्यापर्यंत तीन आकडे पोचवायला लावा. स्वयंपाकघरातला मिक्सर चालेल. आमच्या घरचा आणून देतो.