टेरिपॅराटाइडचं पेन: १४ महिने रोज टोचून घेतल्यावर

टेरिपॅराटाइड हे माझ्या ठिसूळ हाडांवरचं (ऑस्टिओपोरोसिस) औषध, पेनसारख्या इंजेक्शनमधून मी ते रोज टोचून घेते. मागच्या आठवड्यात एक नवं कोरं पेन टाकून द्यावं लागलं, म्हणून आज लिहायला बसले. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलं आणि आतलं औषध गोठलं. २ ते ८ अंशांत ठेवायचं हे आपल्याला पाठ असतं, पण एकदा गोठलेलं पेन पुन्हा पातळ झालं तरी बाद, हे मला हेल्पलाइनवर कळलं. बदलून मागितलं तर म्हणे साठवणूक तुमची, जबाबदारी तुमची. तीनदा फोन केला, तीनदा नवा माणूस आणि तेच उत्तर. इतक्या महागाच्या औषधाला ‘गोठवू नका’ हे शब्द बारीक अक्षरात का? आता पेन मधल्या फळीवर असतं, डब्यात, भिंतीपासून चार बोटं पुढे.

त्याहून जास्त जीव जळतो तो दर २८व्या दिवशी. माझ्या पेनमध्ये २.४ मिली औषध असतं. रोजचा डोस २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०८ मिली. २८ दिवसांचे झाले २.२४. उरले ०.१६ मिली, म्हणजे बरोब्बर दोन दिवसांचं औषध! उजेडात धरलं की काचेत स्पष्ट दिसतं आणि ते तसंच टाकायचं. आतापर्यंत १५ पेनं झाली. जवळपास ३० डोस गेले, एका अख्ख्या पेनपेक्षा जास्त. मी टूथपेस्टची ट्यूब कापून वापरणारी बाई आहे, मला हे सहन होत नाही.

चौथ्या पेनच्या वेळी मी २९व्या दिवशीही टोचून घेतलं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्या चांगल्याच रागावल्या. पहिल्या सुईनंतर २८ दिवसच औषधाची खात्री, आणि तळाशी राहिलेल्यातून डोस पुरा जाईलच असं नाही. डोस अर्धवट गेला तर तुम्हाला कळणारही नाही, म्हणाल्या. शिवाय मी सुई पेनला तशीच लावून ठेवत होते. त्याने औषध गळतं, आत हवेचे बुडबुडे येतात. म्हणजे दोन थेंबांसाठी भांडणारी मी, स्वतःच रोज औषध गळू देत होते. तेव्हापासून टोचून झालं की सुई लगेच काढते. बटण दाबल्यावर पाचपर्यंत सावकाश मोजते, मगच सुई बाहेर. २८ दिवसांचा नियम आता पाळते. पण औषध तेवढंच भरायला काय हरकत आहे, हे मला आजही कुणी पटवून दिलेलं नाही.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. टोचून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, रात्री पोटऱ्यांत गोळे. म्हणून वेळ बदलून झोपताना घ्यायला लागले, पलंगावर बसूनच. आता काही त्रास नाही.

औषधावर मात्र माझा विश्वास बसलाय. हे आपल्याच पॅराथायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनमधलं, ८४ पैकी पहिली ३४ अमिनो आम्लं. तेच हार्मोन रक्तात दिवसभर वाढलेलं राहिलं तर हाडं पोखरतं. दिवसातून एकदा थोडा वेळ वाढून उतरलं, तर हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. हे समजल्यावर रोजच्या टोचण्याचा कंटाळा गेला. याआधी मी आठवड्यातून एकदा गोळी घ्यायचे, तिचं काम हाडाची झीज थांबवण्याचं होतं, हे नवं हाड घालतं.

बादली उचलताना मणका दबला तेव्हा कण्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपल्या हाडांची घनता; जितका जास्त उणे, तितकं हाड विरळ) उणे ३.६ होता. वर्षाने डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, त्याच मशीनवर: उणे ३.०. रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीत रडले. खुब्याचा आकडा आहे तिथेच आहे, उणे २.३. तिथे फरक उशिरा दिसतो, असं डॉक्टर म्हणाल्या. गेलेली दीड इंच उंची काही परत येणार नाही. पण मी कुशीवर झोपू शकते, आणि ह्यांना हाक न मारता उठते.

दहा महिने राहिले. २४ महिन्यांनी हे बंद, आणि नुसतं बंद करून चालत नाही. पाठोपाठ दुसरं औषध घेतलं नाही तर कमावलेलं हाड पुन्हा उतरतं. माझ्यासाठी वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडची (हाडाची झीज रोखणारं औषध) सलाइन ठरली आहे. दाढ काढायची आहे ती त्याआधी काढून घ्या, असं बजावलंय, कारण त्या औषधावर असताना दाढ काढली तर क्वचित एखाद्याचं जबड्याचं हाड भरून येत नाही. दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गोठलेल्या पेनची तक्रार लेखी पाठवली आहे, खोक्यावरच्या त्या बारीक अक्षरांच्या फोटोसकट. उत्तर आलं की लिहीन.