पॅरिसचं कपाट, जळगावचं ऊन

फ्रेंच धाटणीच्या कपड्यांची यादी कुठेही पाहिली तरी तीच असते: पांढरा शर्ट, निळ्या पट्ट्यांचा टीशर्ट, सरळ पँट, नेव्ही ब्लेझर, ट्रेंचकोट, काळा ड्रेस, बॅलेरिना चपला, रेशमी स्कार्फ. ही यादी ज्या हवेत जमली तिथे भर उन्हाळ्यातही संध्याकाळी अंगावर काहीतरी ओढून घ्यावं लागतं. इकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात जातो. यादी जशीच्या तशी उचलली तर अर्धं सामान कपाटातच राहणार. म्हणून इथे प्रत्येक वस्तू खान्देशी उन्हाला, धुळीला आणि बोअरच्या पाण्याला लावून पाहिली आहे.

सगळ्यात जास्त गुण पांढऱ्या शर्टाला. मात्र हा शर्ट रेडिमेड घेण्यापेक्षा शिवून घ्यावा. रेडिमेडमध्ये बायकांचे शर्ट बहुधा कमरेत आवळलेले आणि लायक्रा (ताणला जाणारा कृत्रिम धागा) मिसळलेले मिळतात. फ्रेंच शर्टाची खरी गंमत त्याच्या मोकळेपणात आहे, आणि उन्हात वारा खेळतो तोही त्याच मोकळेपणामुळे. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, तागा उलगडून घेतला की आधी कापडाखाली हात धरून पाहावा. बोटांच्या मधल्या रेषा स्पष्ट दिसल्या तर तो तागा परत. शुद्ध सुती पोपलिन, १२० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) आसपासचं, पुरे होतं. ५८ इंची पन्ना असेल तर १.६ मीटर लागतं, ३६ इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. त्यावर १० सेंटिमीटर जास्त घ्यावं, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात ३ ते ५ टक्के आटतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच ते टेलरकडे द्यावं. बिनभिजवलेल्या कापडाचा शर्ट तिसऱ्या धुण्याला मनगटावरून वर सरकतो, आणि बोलणी मास्तरांना बसतात.

मास्तरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात. पहिली, टक्स (फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या) नकोत. ब्लाउज शिवायची सवय झालेला हात छातीला आपोआप टक्स घालतो आणि शर्टाचा ब्लाउज होतो. अंगाची छाती ३६ असेल तर तयार माप ४० ते ४१, म्हणजे चार-पाच इंच लूजिंग. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर किंवा त्याच्या अर्धा इंच बाहेर यावी. मुंढा फार खोल कापू नये, नाहीतर हात वर केला की अख्खा शर्ट वर येतो. दुसरी गोष्ट बटणांची. वरून सारख्या अंतरावर काजं पाडत आलं तर छातीच्या नेमक्या उंचीवर बटण येईलच असं नाही, आणि मग तिथे शर्ट फट देतो. आधी छातीच्या उभारावरचं बटण ठरवावं, मग तिथून वर आणि खाली साधारण तीन-तीन इंचांवर बाकीची. तिसरी गोष्ट बुकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कापड. स्वस्त चिकटवायच्या बुकरमचा गोंद गरम इस्त्रीने सुटतो आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. ते पुन्हा बसत नाहीत. विणलेलं सुती बुकरम मागावं, तेही भिजवून आटवलेलं. शर्टाच्या आत पांढरं नव्हे, कातडीच्या रंगाचं अंतर्वस्त्र घालावं. पांढऱ्याखाली पांढरंच जास्त उठून दिसतं.

पिवळेपणाची तक्रार सगळ्यांची असते. घाम आणि डिओडरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार मिळून काखेत पिवळं कडक होतं, आणि बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात साबण नीट निघत नाही म्हणून सगळा शर्ट राखाडी पडतो. अशा वेळी लोक क्लोरीनचं ब्लीच ओततात. कापडात लायक्रा असेल तर त्याने ते आणखी पिवळं होतं. शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला एक छोटा चमचा लिंबूसत्त्व टाकावं, साबणाचा थर सुटतो. नीळ घालायचीच असेल तर वेगळ्या तांब्यात पूर्ण विरघळवून, नाहीतर ढगांसारखे डाग उठतात.

आणि शेवभाजीचा रस्सा? तो कधी ना कधी सांडणारच. हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो, तेव्हा घाबरायचं नाही. साबण अल्कधर्मी असतो म्हणून हळद रंग बदलते. आधी भांड्यांच्या लिक्विडने तेल काढावं, मग ओला शर्ट डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि ऊन तर इथे फुकट आहे.

पट्ट्यांचा टीशर्ट हा मुळात खलाशांचा गणवेश. फ्रेंच नौदलाच्या १८५८च्या आदेशात अंगावर २१ पांढरे पट्टे, प्रत्येकी २० मिलिमीटरचे, आणि त्यांच्यामध्ये १० मिलिमीटरचे निळे, असं मापच दिलेलं आहे. म्हणजे पांढरा पट्टा निळ्याच्या दुप्पट. बाजारात दोन्ही पट्टे सारखे असलेले टीशर्ट जास्त दिसतात. ते वाईट नाहीत, पण अंगावर भडक वाटतात. घेताना टीशर्ट उलटा करून पाहावा: आतून पट्टे फिके असतील तर तो छापील आहे. दोन्ही बाजूंनी सारखा रंग असेल तर धागा रंगवून विणलेला. बाजूच्या शिवणीवर पट्टे जुळतात का तेही पाहावं. न जुळणारे पट्टे म्हणजे कापताना घाई झाली आहे, आणि अशा टीशर्टची शिवण दोन-चार धुण्यांत पिळा खाऊन पोटावर येते. मूळ खलाशी कापड जाडजूड असतं. इथे १६० ते १८० जीएसएमच्या पुढे जाऊ नये. ओला पांढरा रुमाल निळ्या पट्ट्यावर घासावा. रुमाल निळा झाला तर टीशर्ट दुकानातच ठेवावा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, पण तयार कपड्याचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

पँटला लिनन. ज्याच्या धाग्यापासून ते बनतं ते जवसाच्या जातीचं पीक उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत मोठ्या प्रमाणावर होतं, म्हणजे कापड अस्सल तिकडचं, आणि आपल्या कोरड्या उन्हात याच्याइतकं थंड दुसरं काही नाही. चुरगळतं, चुरगळू द्यावं. जीन्स हवीच असेल तर ८ ते १० औंसांच्या हलक्या कापडाची, सरळ पायाची. १४ औंसांची जीन्स एप्रिलमध्ये शिक्षा आहे.

ट्रेंचकोट सोडून द्यावा. तो मुळात इंग्रजांचा, पॅरिसने नंतर आपलासा केला. आपल्या पावसाळ्यात त्याच्या आत घामच जास्त. थंडीत धुळ्याला पारा एक आकडी होतो खरा, पण दुपारी बारापर्यंत कोट हातावर घेऊन फिरावं लागतं. ब्लेझरचंही तेच, अस्तर लावलेला असेल तर. दोघांची जागा एकच वस्तू भरून काढते: फ्रेंच कामगारांचं निळं जाकीट. बिनअस्तराचं, जाड सुती, समोर पाच बटणं, बाहेरून लावलेले तीन खिसे, छोटी कॉलर. ड्रिल किंवा जाड खादीत ५८ इंची पन्ना असेल तर २ मीटरच्या आसपास कापड लागतं, आणि शर्ट शिवणारा कोणताही मास्तर ते शिवू शकतो. खिशांच्या तोंडाला दुहेरी टाके आणि कोपऱ्यांना बारटॅक (मजबुतीचे दाट टाके) मात्र आठवणीने सांगावेत, पहिलं उसवतं ते तिथेच. जितकं धुवावं तितकं ते फिकं आणि देखणं होतं. पैसे पुरेपूर वसूल करणारी वस्तू हीच.

काळा ड्रेस पॉलिस्टर क्रेपचा घेऊ नये, एवढंच. सुती मलमलचा, गुडघ्याखाली येणारा, संध्याकाळच्या लग्नाला चालतो. मलमलला आतून काळंच सुती अस्तर हवं.

बॅलेरिना चपलांचा तळ नाजूक असतो, डांबर तापलं की तळपायाला चटके बसतात. वरचा भाग खऱ्या चामड्याचा बघून घ्याव्यात, आणि पहिल्याच दिवशी चांभाराकडून पुढच्या अर्ध्या तळाला ३ मिलिमीटर रबर लावून घ्यावं. रेक्झिनच्या घेतल्या तर घामाने आतून पापुद्रे सुटतात.

स्कार्फ बांधायचा कसा हे स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींना कोणी शिकवायची गरज नाही. पॅरिसच्या हर्मेस या फॅशन कंपनीने १९३७ साली आणलेला चौकोनी रेशमी स्कार्फ ९० सेंटिमीटरचा, तेच माप इथेही ठेवावं, फक्त रेशमाऐवजी सुती व्हॉइल, म्हणजे पातळ, झिरझिरीत सुती कापड. ९० सेंटिमीटर कापड घेऊन चारही कडांना हाताने गुंडाळून टीप घालून घ्यावी. दुपट्ट्याच्या दुकानात पटकन पिको करून मिळतो, पण मशीनच्या दाट टाक्याने कड ताठ होते आणि गळ्यापाशी घडी नीट पडत नाही. हातशिलाईला दोन दिवस जास्त लागतात. थांबावं.