वाशीतली सहा तासांची रूम, मामलेदारची मिसळ आणि दोन एअरपोर्टच्या मधे अडकलेले मावशी-काका

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वाशीतल्या एका हॉटेलच्या दिवसाच्या रूमचा आहे, पण ती रूम का घ्यावी लागली ते कळल्याशिवाय काही अर्थ लागणार नाही म्हणून थोडं मागून सुरू करते.

माझी मावशी आणि काका नागपूरचे. मुलगा जर्मनीत, सून बाळंत होणार, म्हणून दोघं निघाले फेब्रुवारीत. तिकिटं मुलाने तिकडून काढली आणि स्वस्त मिळाली म्हणून खूश होता. नागपूर ते मुंबई एक तिकीट, मुंबई ते फ्रँकफर्ट दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांची. मधे चौदा-पंधरा तास. मी म्हटलं पाठव बघू मला, आणि पीडीएफ उघडल्यावर डोक्याला हातच लावला. नागपूरचं विमान उतरणार एनएमआयला (नवी मुंबईचं नवं एअरपोर्ट) आणि रात्रीचं सुटणार बीओएमवरून (मुंबईचं जुनं). म्हणजे उतरायचं उलव्याला आणि चढायचं अंधेरी-सहारला. त्याला बिचाऱ्याला वाटलं मुंबई म्हणजे मुंबई. नवी मुंबईचं एअरपोर्ट २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं तेव्हापासून बुकिंग करताना मुंबई टाकलं की दोन्हीकडची विमानं दाखवतात, आणि परदेशात बसलेल्या माणसाला ते तीन अक्षरी कोड बघायची सवय नसते. दोन्हींच्या मधे ३५-४० किलोमीटर तरी आहेत आणि आपला ट्रॅफिक. त्यामुळे कोणाचंही तिकीट काढताना आधी कोड बघा, मग किंमत.

दुसरी गोष्ट, तिकिटं वेगळी म्हणजे बॅगा पुढे आपोआप जात नाहीत. नागपूरला टाकलेली बॅग उलव्याला उतरवून घ्यायची, आणि सहारला परत चेक-इन करायची. आणि त्याहून भारी म्हणजे फ्रँकफर्टच्या तिकिटावर माणशी २३ किलोची बॅग, पण नागपूरच्या तिकिटावर १५ किलो. काकांनी घरच्या काट्यावर बरोब्बर तेवीस-तेवीस भरलेल्या. नागपूरच्या काउंटरवर जास्तीचे पैसे भरावे लागले आणि तो विषय संध्याकाळपर्यंत दर तासाला निघत होता.

आता तुम्ही म्हणाल घरी का नाही नेलंस. ऐरोलीला राहते मी, चौथा मजला, आणि सोसायटीची लिफ्ट बदलायचं काम चालू आहे, गेला दीड महिना नुसता खड्डा आणि समोर प्लायवूड. मावशीचे गुडघे असे की ती दोन पायऱ्या चढली की तिसऱ्या पायरीवर थांबून देवाचं नाव घेते. चार मजले आणि तेवीस किलोच्या दोन बॅगा, शक्यच नाही. मग दिवसाची रूम शोधली. हल्ली तासांवर देतात ना, तसली. सहा तास, दुपारी बारा ते सहा, सोळाशे रुपये, ॲपवरून. वाशी स्टेशनपासून रिक्षाने पाच-सात मिनिटं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि तिथला काउंटरवरचा पोरगा खूप चांगला होता, त्याला उगाच त्रास नको.

विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. मी बाहेर उभी, काका बाहेर आले तेच वर बघत. म्हणे, "काय गं पोरी, एअरपोर्ट बांधून राहिले की देऊळ?" टर्मिनल कमळासारखं आहे, आर्किटेक्ट झाहा हदीद यांच्या फर्मचं डिझाइन, हे मी घरून वाचून गेले होते ते सगळं सांगून टाकलं. मावशीने फक्त बाथरूम कुठेय विचारलं.

मग बॅगांचा प्रश्न. माझी वॅगनार सीएनजी. ज्यांच्याकडे आहे त्यांना कळलं असेल. डिकीत सिलेंडर आणि त्याच्या वर जेमतेम भाजीची पिशवी राहते. एक बॅग आडवी करून कोंबली, दुसरी मागच्या सीटवर मावशीच्या शेजारी, सीटबेल्ट लावून. पाम बीचला प्रत्येक ब्रेकला ती बॅग मावशीच्या खांद्यावर डोकं टेकायची आणि मावशी तिला ढकलायची. नेरूळच्या बाजूला तलावात फ्लेमिंगो दिसले लांबून, काका म्हणाले गुलाबी बगळे. मी गाडी जरा हळू केली. त्यांना खाडीत बोटीने जाऊन बघायचे होते, ऐरोलीच्या सेंटरवरून बोट सुटते ती, पण ती भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटते, आपल्या लेओव्हरच्या, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या थांब्याच्या, हिशेबाने नाही. कोणाला करायचंच असेल तर आधी भरतीची वेळ बघा, मग बाकीचं ठरवा. काकांना अटल सेतू पण बघायचा होता. म्हटलं काका, तो २१.८ किलोमीटर जाऊन शिवडीला उतरवतो, तिथून परत उलटं सहारपर्यंत यायचं, परतीला बघू.

हॉटेलला पोचलो सव्वा वाजता. इथे पहिली गंमत. बुकिंग माझ्या नावावर, मी आधार कार्ड दिलं, पोरगा म्हणतो मॅडम लोकल आयडी चालत नाही. माझा पत्ता ऐरोली ना. म्हटलं अरे मी राहणारच नाहीये, हे दोघं राहणार आहेत, वय बघ त्यांचं. स्थानिक माणसाला रूम देऊ नका असा कायदा काही नाहीये, हॉटेलवाल्यांचे आपापले नियम असतात, आणि ॲपवर खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं हे मला नंतर दिसलं. शेवटी मावशीचं नागपूरचं आधार चाललं, काकांचं पण, आणि रजिस्टरमधे मला व्हिजिटर म्हणून लिहिलं. यात वीस मिनिटं. तेवढा वेळ काका त्या पोराला सांगत होते की आमच्या नागपूरला असं नसते बाबू. तुम्ही आईवडिलांसाठी करणार असाल तर बुकिंग त्यांच्याच नावावर करा आणि लोकल आयडी चालतं का ते फोन करून विचारा. एवढं एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं, सहा तास आपण पोचल्यापासून मोजत नाहीत, स्लॉट बाराचा म्हणजे सहाला बाहेर. विमान लेट झालं ते तुमचं नशीब. म्हणजे आमच्या हातात जेमतेम सव्वाचार तास आले. स्लॉट घेताना विमान उतरण्याच्या वेळेच्या दीड तास पुढचा घ्या, आधीचा घेऊन काही उपयोग नाही.

रूम मात्र छान निघाली. लहान होती, पण चादर पांढरीशुभ्र आणि इस्त्रीची घडी मोडलेली दिसत होती म्हणजे खरंच बदललेली. एसी चालू, पंखा पण चालू, खिडकी उघडत नाही. गीझर होता पण बाथरूममधे बादलीच नाही. नुसता शॉवर, तो पण काचेच्या पार्टिशनच्या आत आणि उंबऱ्याला चांगला चार बोटं उंच कट्टा. मावशी म्हणाली मी उभ्याने आंघोळ करत नाही गं, पडले तर जर्मनी राहिली बाजूला. खाली फोन केला, कोणी उचलेना. मग मीच गेले. वीस मिनिटांनी बादली आली, लाल, त्यावर पांढऱ्या पेंटने २०४ लिहिलेलं. आमची रूम ३०२. म्हणजे २०४ वाल्यांची आणली की काय, पण मी विचारलं नाही. मग्गा वेगळा, निळा. आणि सोबत प्लास्टिकचं स्टूल पण आणलं पोराने, न सांगता. त्या स्टुलासाठी मी याला अर्धा स्टार जास्त देतेय.

बाहेरचं खाणं आणू नये अशी पाटी होती लिफ्टजवळ. माझ्या हातात डबा, पोळ्या, मेथी, वरणभात, वास सुटलेला. पोराने बघितलं, पाटीकडे बघितलं आणि मग टीव्हीकडे. थोड्या वेळाने दारावर टकटक, कागदी प्लेटी. टीप दिली पन्नास.

जेवून दोघं जे झोपले ते साडेचारपर्यंत. माझ्या मते वयस्कर माणसांच्या लांब लेओव्हरमधे एवढंच लागतं बघा, पाठ टेकायला पलंग आणि दार लावता येईल असं बाथरूम. एअरपोर्टवर खुर्च्या कितीही मऊ असोत, पाय सुजतात. लाउंजचं मी आधी बघितलं होतं, काकांच्या डेबिट कार्डवर आहे म्हणे, पण त्या बँकेने आता आधीच्या तिमाहीत अमुक एवढा खर्च केला तरच प्रवेश अशी अट घातलीय आणि काका कार्ड वापरतात ते फक्त एटीएममधे. शिवाय रात्रीचं विमान, लाउंज चालला असता तरी दोन-तीन तास, दुपारचं काय.

मी तेवढ्यात त्यांच्या बॅगा उघडून बघितल्या, हे मात्र नक्की करा. काकांची पॉवर बँक मोठ्या बॅगेत निघाली. ती हातातल्या सामानातच पाहिजे, चेक-इनमधे चालत नाही. नागपूरला कशी निसटली देव जाणे. आणि मावशीच्या बॅगेत सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या, लाडूंसाठी. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. मावशीला पटेना, म्हणाली खोबऱ्याने कोणाचं घर जळलं सांग. शेवटी वाट्या माझ्याकडे राहिल्या. लिंबाचं लोणचं हातातल्या पिशवीत होतं ते मोठ्या बॅगेत टाकलं, तीन पिशव्यांमधे गुंडाळून.

साडेपाचला निघालो. खरं म्हणजे ऐरोली पुलावरून सरळ मुलुंडला बाहेर पडायचं होतं, पण काकांनी नागपुरातच ठरवलेलं की ठाण्याची मिसळ खायची. मग ठाणे-बेलापूर रोड, दिघा, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जे व्हायचं ते झालं, पंचवीस मिनिटं. तरी सातच्या आत मामलेदारला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मामलेदार कचेरीच्या शेजारी म्हणून मामलेदार. लाइट, मिडियम, तिखट असं सांगायचं आणि बाकीची चर्चा करायची नाही, मागे लोक उभे असतात. काका नागपूरचे, तर्री पोह्यावर वाढलेले, त्यांनी तिखट सांगितली. पहिला घास घेऊन म्हणाले, "हे तर आमच्या तर्रीचा लहान भाऊ दिसून राहिला." चौथ्या घासाला गप्प. सहाव्याला टोपी काढली. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास सरकवला. मावशीने लाइट घेतली आणि दुसरा पाव मागितला. नऊ तासांच्या विमानाआधी तिखट खाऊ नये हे मी सांगितलं होतं, याची नोंद असावी.

नंतर तलावपाळीला एक चक्कर, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले कारण गाडी जिथे लावली होती तिथे लावायची नव्हती आणि बॅग सीटवर उघडी दिसत होती. काकांना सांगितलं की देशातली पहिली पॅसेंजर रेल्वे १८५३ ला बोरीबंदरहून इथेच आली, तर म्हणाले तिला विटाव्याचा पूल लागला नसेल.

आठला निघालो, ईस्टर्न एक्सप्रेस, मुलुंडला टोल नाही आता छोट्या गाड्यांना, ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे. जेव्हीएलआरला (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवईजवळ अडकलो. सहारच्या उन्नत रस्त्यावरून टी-२ ला, म्हणजे टर्मिनल दोनला, साडेनऊ. विमान दोन दहाचं. आत तिकीट असणारेच जातात म्हणून मी दारातच निरोप घेतला. अकराला काकांचा फोन, चेक-इन झालं, बॅगा गेल्या, बावीस किलो आठशे आणि बावीस नऊशे. खोबऱ्यामुळे वजन कमी भरलं असं मावशी मागून म्हणत होती. इमिग्रेशननंतर तिला भिंतीवरची जुनी लाकडी कोरीव दारं-खिडक्या दिसल्या, टी-२ ला ते म्युझियमच केलंय ना, तीन किलोमीटरच्या वर लांबीची आर्टवॉल आहे. मावशी म्हणाली आमच्या जुन्या वाड्याची अशीच चौकट होती, काकांनी सत्तर रुपयाला भंगारात दिली. मागून काकांचा आवाज, ऐंशी.

तर रेटिंग. रूमला साडेतीन. स्वच्छता आणि तो पोरगा याचे चार, लोकल आयडीच्या कटकटीचा आणि फोन न उचलण्याचा एक वजा, स्टुलाचा अर्धा परत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेणार असाल तर बुकिंगच्या वेळीच बादली आणि स्टूल सांगून ठेवा. सोळाशेत दोन माणसं झोपली, आंघोळ झाली, बॅगा सुरक्षित राहिल्या, मला पैसे वसूल वाटले.

आता एक मदत पाहिजे. परतीचं तिकीट मे महिन्यातलं आहे, ते मी काल नीट बघितलं. रात्री साडेअकराला टी-२ ला उतरणार आणि सकाळी नऊला नागपूरचं विमान. उलव्याहून. तेव्हा उलवे किंवा पनवेल बाजूला रात्री एक वाजता चेक-इन देणारं, लिफ्ट असलेलं, बादली असलेलं हॉटेल कोणाला माहीत असेल तर सांगा. आमच्या सोसायटीची लिफ्ट एप्रिलअखेर चालू होईल असं सेक्रेटरी म्हणतायत, पण डिसेंबरात पण ते असंच म्हणाले होते.