संशयकल्लोळसाठी भाड्याची ड्रेपरी: पगडी पास, तसबीर नापास

यंदा जत्रेला आम्ही वाड्यावरच्या पोरांनी संगीत संशयकल्लोळ हे नाटक केलं आणि ड्रेपरी म्हणजे नटांचे कपडे, पडदे, बारीकसारीक सामान सगळं फोंड्याकडच्या एकाच दुकानातून भाड्याने उचललं. नाव मुद्दाम घालत नाही, मालक भला माणूस आहे आणि पुढच्या वर्षी परत त्याच्याच दारात जायचंय.

कपडे एक नंबर. फाल्गुनरावाची पगडी अशी फिट बसली की आमचा नट आरशात बघून आपोआप बायकोवर संशय घ्यायला लागला. रेवतीची नऊवारी शिवलेली, मागे हुक, दोन मिनिटांत तयार, फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या रांगेपर्यंत जात होता. अश्विनशेठच्या अंगरख्याचे बंद तुटलेले म्हणून सेफ्टी पिन मारली, तर पदात वरचा सूर लावला की छाती फुगायची आणि पिन सुटायची.

पडदा हाताने रंगवलेला, जुना, सुंदर. पण आमचा मंडप बुटका, त्यामुळे खालचे दोन फूट बांबूला गुंडाळून ठेवले, म्हणजे घरं दिसतात आणि रस्ताच गायब. भर रस्त्यात चक्कर येणारी रेवती आमच्याकडे कोणाच्या तरी माडीवर पडली. मंडपाची उंची मोजून जा रे बाबांनो, आम्ही नाही मोजली.

आता तसबीर. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं १८९३ साली, त्याच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' होता, पदं घालून १९१६ ला आलं ते हे. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते आणि तिथून दोन्हीकडे आग लागते, म्हणजे बाकी काही नसलं तरी चालेल पण ही वस्तू पाहिजेच. यादीत लिहिलं होतं, तसबीर १. आली दीड फुटाची लाकडी फ्रेम, काचेसकट, मागे भिंतीवर टांगायची कडी, आत कोणीतरी दाढीवाले फेटेवाले काका. आमचा अश्विनशेठ तुळतुळीत. दुकानदाराला फोन केला तर कोंकणीत म्हणतो, "जातलें रे, फाटीं बसतल्यांक कितें दिसता?" म्हणजे चालेल रे, मागे बसणाऱ्यांना काय दिसतंय? अहो पण कृत्तिकेने ती पदराखाली लपवायची आहे, पदराखाली काय दार लपवणार?

शेवटी नटाचाच पासपोर्ट फोटो मोठा करून आणला, मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, कडेला सोनेरी कागद, तळहातात मावेल एवढी. खर्च चाळीस रुपये आणि सगळ्यात जास्त हशा तिलाच.

तर कपडे डोळे मिटून घ्या, पडदा मापून घ्या आणि हातातल्या वस्तू घरीच करा. डिपॉझिट परत मिळालं, दोनशे कापून. फ्रेमच्या काचेला चरा आहे म्हणे. काकांना बघितल्या बघितल्या आम्ही परत पेपरात गुंडाळून ठेवलेलं, रंगमंचावर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं त्यांनी.