पेव्हर ब्लॉकवर अडखळणारा स्केटबोर्ड

रीलमधली ऑली (बोर्डासकट हवेत मारलेली उडी) बघून नववी-दहावीची मुलं जो ३१ इंची तयार स्केटबोर्ड मागतात, त्याची फळी झकास आहे: मेपलचे सात थर, रुंदी ८ इंच. गोची चाकांत आहे. ५२ मिमीची, ९९ए कडकपणाची चाकं गुळगुळीत काँक्रीटसाठी असतात. मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर ती फटीफटीत अडतात. बारीक खडा आला की बोर्ड जागीच थांबतो आणि पोरगं पुढे जातं. सोसायटीत नुसतंच फिरायचं असेल तर ६० मिमीची, ७८ए ची मऊ चाकं बसवा. मात्र ट्रक (चाकं धरणारा धातूचा आस) आणि फळी यांच्यामध्ये पाव इंची रायझर, म्हणजे जाड पट्टी, हवाच, नाहीतर वळताना चाक फळीला घासून ब्रेक लागतो. अर्थात, या चाकांवर ऑली जड जाते.

बेअरिंग ६०८ मापाचे. पावसात भिजले की गंजतात, खारी हवाही त्यांना सोडत नाही. काढून, पुसून, वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. मूल हलकं असेल तर किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या जाड बोल्टचा) नट ९/१६ इंची पान्याने अर्धा फेरा सैल करा, म्हणजे बोर्ड वळेल.

हेल्मेट सोबत मिळत नाही. मनगटाचे गार्डही घ्या, पडताना हातच आधी टेकतो. दिवे लागणारी चाकं? निव्वळ दिखावा.