एका ओळीचे ५६,९४० रुपये

आधी आकडे लिहून टाकतो, नाहीतर पुढे लाज वाटून गाळले जातील. २७,१४० रुपये ‘एंटरप्राइझ मेमरी पॅच’चे. ११,८०० त्याच्या रिन्युअलचे. १८,००० रॅमचा अ‍ॅडव्हान्स. ती रॅम अजून यायचीय. एकूण ५६,९४०, फसवणुकीत गेलेले. सगळे यूपीआयने, माझ्या खात्यातून, माझ्याच अंगठ्याने.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सिस्टीम बघतो. बघतो म्हणजे प्रोजेक्टरच्या वायरीपासून सर्व्हरपर्यंत सगळं. वायफाय, लॅबचं लॉगिन, लायब्ररी, सगळ्यांचे पासवर्ड एका ओपनएलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या एका मध्यवर्ती यादीत, २,८०० नोंदी. जुनं मशीन गेलं म्हणून मे महिन्यात मी ती २ जीबी मेमरीच्या व्हर्च्युअल मशीनवर डॉकरमध्ये हलवली. डॉकरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात चालतो, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. त्याच मशीनवर वायफायच्या लॉगिनसाठी फ्रीरेडियस, एक मारियाडीबी डेटाबेस आणि चाचणीसाठी डिरेक्टरीची दुसरी प्रत. त्या प्रतीत फक्त चार नोंदी. हे चार लक्षात असू द्या.

जुलैत प्रवेश सुरू झाले आणि डिरेक्टरी मरायला लागली. कर्नलच्या लॉगमध्ये रोज तेच: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे स्लॅपडीचं, म्हणजे डिरेक्टरी चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव. चालू करायचं, तासाभरात परत मेलेलं. खाली प्रवेशाच्या काउंटरवर पालकांची रांग, आणि प्राचार्य दर अर्ध्या तासाने फोनवर, “झालं का?”

आता कुणी म्हणेल, नीट कंपनीकडून का नाही करून घेतलं? आमच्याकडे पाचशेचा माउस घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात आणि खरेदी समिती महिन्यातून एकदा बसते. तोवर काय पालकांना समितीचा अजेंडा वाचून दाखवू? अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला. ‘एलडॅप स्पेशालिस्ट, मेमरी लीक १०० टक्के गॅरंटी’. गॅरंटी हा शब्द दिसला की फोन ठेवायचा असतो. मी लावला.

माणूस गोड बोलायचा. “सर, टेन्शन घेऊच नका.” रिमोट घेतला, कोण किती मेमरी घेतंय ते दाखवणारी टॉप कमांड चालवली आणि व्हर्टच्या रकान्यावर कर्सर गोल गोल फिरवला. “बघा सर, किती जीबी खातंय!” व्हर्ट म्हणजे खाल्लेली मेमरी नव्हे. डिरेक्टरीचा डेटा साठवणारी एलएमडीबी आपल्या फाइलचा जास्तीत जास्त आकार आधीच नकाशात धरून ठेवते, म्हणून तो आकडा फुगलेला दिसतो. बघायचा असतो रेसचा रकाना, खरोखर वापरलेल्या मेमरीचा. मला हे माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही.

आणि आता तो क्षण. रोज रात्री मला तो दिसतो. टॉपमध्ये स्लॅपडीच्या दोन ओळी होत्या, एकाखाली एक. वरची खऱ्या डिरेक्टरीची, २,८०० नोंदींची. खालची चाचणीची, चार नोंदींची. रेस दोन्हींचा सातशे एमबीच्या आसपास. जवळजवळ सारखा! चार नोंदींना तेवढंच आणि २,८०० नोंदींनाही तेवढंच? डेटा खात नाहीये, दुसरंच काहीतरी खातंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी विचारलंसुद्धा, “हे दोन्ही सारखे कसे?”

तो म्हणाला, “लीक पसरलीय सर. व्हायरससारखी.”

आणि मी म्हणालो, “हो का.”

त्या ‘हो का’ची किंमत ५६,९४०.

लीक म्हणजे गळती. गळती थेंब थेंब होते, दिवसागणिक वाढते. माझी मेमरी तर सर्व्हिस सुरू केल्या केल्या, एकही लॉगिन व्हायच्या आत, सातशेला टेकायची आणि तिथंच थांबायची. कुणी ‘मेमरी लीक’ म्हणालं तर पहिला प्रश्न हा विचारा: सुरू केल्यावर किती होती आणि तासाने किती झाली? आकडा हललाच नसेल तर समोरच्याला हाकला.

मग ‘पॅच’ आला. एक फाइल. चालवली की स्क्रीनवर टक्के वाढत जायचे, शेवटी हिरव्या अक्षरात: १७ लीक सापडल्या, १७ दुरुस्त. कंटेनर परत सुरू केले आणि स्लॅपडी दहा-वीस एमबीवर! खोटं कशाला सांगू, मी हात जोडले. २३,००० अधिक १८ टक्के जीएसटी. बिलही पाठवलं, लोगोसकट. त्यावरचा जीएसटी नंबर मी आत्ता मोजला, अक्षरं चौदा आहेत. पंधरा असतात. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो, लॉगिनही लागत नाही. पैसे देण्याआधी टाका. मी दिल्यावर टाकला.

एकतिसाव्या दिवशी सकाळी डिरेक्टरी परत आडवी. “लायसन्स संपलं सर, महिन्याचं होतं.” बिलावर तसं कुठंही नव्हतं. ११,८०० दिले. या वेळी २३ लीक सापडल्या. वर म्हणाला, नवीन लीक येतायत, रॅम वाढवावीच लागेल, अ‍ॅडव्हान्स टाका, सोमवारी माणूस येईल. १८,००० टाकले. सोमवारपासून फोन बंद.

पुढच्या एकतिसाव्या दिवशी तिसऱ्यांदा पडलं तेव्हा मी ती फाइल उघडली, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बेस६४ मध्ये गुंडाळलेली होती. बेस६४ हे कुलूप नव्हे, नुसतं फडकं. सोडवलं तर आत एक साधी शेल स्क्रिप्ट, ४३ ओळी. त्यातल्या तीसेक ओळी स्लीप आणि इको, म्हणजे टक्क्यांचं नाटक. लीकचा आकडा रँडम. एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, नोंद करणारी, तीस दिवसांनी सगळं होतं तसं करून ठेवायला. आणि खरं काम करणारी ओळ एकच: स्लॅपडी सुरू व्हायच्या आधी ‘युलिमिट -एन १०२४’.

ही ओळ उघड्या फाइलींची मर्यादा ठरवते, आणि प्रत्येक जोडणीही उघडी फाइल म्हणूनच मोजली जाते. झालं असं होतं की डॉकरच्या कंटेनरला ती मर्यादा मिळाली होती १०,४८,५७६. स्लॅपडी सुरू होताना ती मर्यादा विचारतो आणि तेवढ्या जोडण्यांचा तक्ता आधीच मांडून ठेवतो. जेवायला माणसं साठ आणि पंगत मांडली साडेदहा लाख पानांची. कोऱ्या पानांनीच मांडव भरला. काही नव्या सिस्टीमवर ही मर्यादा १०७ कोटींच्या वर जाते, तिथं तर तो सुरू होतानाच कोसळतो. उपाय: डॉकरच्या सेटिंगच्या कंपोझ फाइलमध्ये युलिमिट्सखाली नोफाइल १०२४ लिहायचं, जोडण्या जास्त असतील तर ४०९६. फुकट. आज माझा सर्व्हर त्याच २ जीबीत चालतोय, नव्या रॅमशिवाय.

बँकेत गेलो. मॅनेजरसाहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ऐकवलं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण ते तुमच्या संमतीशिवाय पैसे गेले तर. “तुम्ही तर स्वतः पिन टाकलाय.” टाकलाय साहेब. पण ज्या खात्यात गेले ते कुणाचं, एवढं तरी सांगा? ते गोपनीय असतं. माझे पैसे घेणाऱ्याची गोपनीयता!

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर. मग विचारलं, “काय चोरीला गेलं?” चोरी नाही, फसवणूक. “पण सर्व्हर चालू करून दिला ना त्यानं? मग काम केलं की.” मी म्हणालो, त्यानं आत टाइमबॉम्ब ठेवला होता. हवालदार दचकले, “बॉम्ब लिहू नका सर, वरून चौकशी लागेल.” मी कलम काढलं, पूर्वीचं ४२० ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ झालंय. “कायदा आम्हाला शिकवू नका.” मग ही दिवाणी बाब आहे, मग हद्द आमची नाही, मग ऑनलाइन तक्रार केली का, मग त्याची प्रिंट कुठाय, मग प्रिंटवर सही कुठाय. तीन फेऱ्या, तीन अर्ध्या रजा. पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत गोठवता येतात. मी नऊ दिवसांनी केला, कारण तोवर मी माणूस सोमवारी येईल म्हणून वाट बघत होतो.

कॉलेजने काय दिलं? मेमो. कोटेशन न घेता बाहेरच्याला रिमोट दिल्याबद्दल. बरोबरच आहे म्हणा, एकदा रिमोट दिला की डिरेक्टरीचे सगळे पासवर्ड त्याच्या हातात. मी अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला आणि २,८०० जणांना बदलायला लावला. त्या आठवड्यात मला किती शिव्या पडल्या ते विचारू नका. तुम्हीही तेच करा, पैशाच्या मागे धावायच्या आधी. आणि क्रॉनच्या नोंदी बघा, रूटच्यासुद्धा.

परवा ठाण्यातून फोन आला. तक्रार घेतलीय म्हणाले, पण पंचनाम्यासाठी ते एलडॅप घेऊन या. म्हटलं, ती वस्तू नाही. “मग फोटो आणा.” सोमवारी टॉपच्या स्क्रीनची प्रिंट नेणार आहे, त्या दोन ओळी पिवळ्या करून.