पहिली लेन्स: १८-५५ झूम की ५० एमएम प्राइम?

डीएसएलआर बॉडीसोबत येणारी १८-५५ एमएम झूम उगाच बदनाम आहे. भरपूर उजेडात तिचे फोटो छान येतात, १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद चौकटीत, अख्खी खोली फ्रेममध्ये मावते. अडतं ते संध्याकाळी. ५५ वर तिचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; हा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. ५० एमएम एफ/१.८ प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, जवळपास दहापट प्रकाश आत घेते. दिव्याच्या उजेडात धावतं मूल टिपायचं तर हाच फरक कामाला येतो. झूममधलं स्टॅबिलायझेशन आपला हात हललेला सांभाळून घेतं, मुलाची पळापळ नाही! मात्र एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ५० ची चौकट फुल-फ्रेमवरच्या ७५-८० एमएमइतकी आवळते, ग्रुप फोटोला मागे सरकताना भिंत आडवी येते. पोर्ट्रेटच काढायचे असतील तर प्राइम घ्या. फक्त निकॉनची डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी असेल, तर फोकसची मोटर आत असलेली एएफ-एस ‘जी’ लेन्स बघा. जुन्या ‘डी’ लेन्सला त्यांवर ऑटोफोकस मिळत नाही.